शिवार ते ताट: आरोग्य कुठे घडते, कुठे गळते

धाराशिव जिल्ह्यात पिकांची वाण नाही. खरिपात सोयाबीन, तूर, उडीद, मूग, रब्बीत ज्वारी, हरभरा, गहू, करडई, तेरणा-मांजरेच्या काठाने ऊस, तुळजापूरकडे द्राक्षे, भूम तालुक्यात दूध आणि खवा. तरीही २०१८ साली नीती आयोगाने देशभरातून ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीमबरोबर तेव्हाच्या उस्मानाबादचे नाव त्या यादीत आले. अशा जिल्ह्याची प्रगती ज्या निकषांवर मोजतात, त्यांत आरोग्य व पोषण हा एक गट आहे आणि शेती व पाणी हा दुसरा. कागदावर हे दोन वेगळे रकाने आहेत. गावात मात्र ते एकाच उंबऱ्यावर भेटतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. पिकवणाऱ्या राज्यात असे का व्हावे, याचे उत्तर दवाखान्यात पुरते सापडत नाही. त्यासाठी धान्याचा दाणा पेरणीपासून घासापर्यंत कुठून कुठून जातो, हे पाहावे लागते. प्रत्येक टप्प्यावर त्यातले पोषण एक तर टिकते, नाही तर गळते. हे टप्पे आता एकेक करून पाहू.

पहिला टप्पा: पेरणीचा निर्णय

मराठवाड्याच्या काळ्या, खोल जमिनीचे जुने गणित असे होते: मृगाच्या पावसावर मूग-उडीद पेरायचे, भाद्रपदात शेंगा तोडून रान मोकळे करायचे आणि हस्ताच्या पावसाच्या सुमारास तिथेच रब्बी ज्वारी टाकायची. काळी जमीन ओल धरून ठेवते आणि पुढचे चार महिने ज्वारी त्या ओलीवरच वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत कणीस भरते, त्यामुळे दाण्याला बुरशी लागत नाही आणि तो मोत्यासारखा पांढरा राहतो. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते. म्हणून भाकरीला मान रब्बीच्या ज्वारीचा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेले मालदांडी हे वाण आजही या पट्ट्यातल्या घरांत भाकरीचे माप मानले जाते.

हे गणित सोयाबीनने बदलले. त्यात शेतकऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण त्याची कारणे खरी आहेत. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघते आणि दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा येतो. मळणी यंत्रावर होते. कोणत्याही मोंढ्यात आडत्याकडे कट्टे नेऊन टाकले की त्याच दिवशी काटा होतो. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, काढणी हाताने करावी लागते, पेंढ्या बांधाव्या लागतात आणि या कामाला आता माणूस मिळत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९ रुपये. भाव, मजुरी आणि वेळ या तिन्ही बाबतींत तराजू एकाच बाजूला झुकतो.

पण या निर्णयाचा घरावर काय परिणाम होतो? सोयाबीनमध्ये शेकडा ३५ च्या आसपास प्रथिने असतात. एवढी कोणत्याच डाळीत नसतात. ती प्रथिने गावात थांबत नाहीत. सोयाबीन लातूरसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत जाते, तिथे तेल वेगळे होते आणि उरलेली प्रथिनयुक्त पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. ज्या रानात पूर्वी मूग, उडीद, तीळ, भुईमूग, कारळे आणि जवस निघत असे, तिथे आता एकच पीक उभे असते आणि ते पूर्ण विकले जाते. मग घरची डाळ दुकानातून विकत आणावी लागते. हाताशी पैसा असेल तेवढीच ती आणली जाते. खरीप बुडाला किंवा भाव पडला की पहिली काटछाट डाळ, तेल आणि भाजीवर होते. भात-चपातीवर पोट भरते, पण ताटातले प्रथिन, लोह आणि जीवनसत्त्वे कमी होतात. ही भूक पोटाला जाणवत नाही. ती रक्ताच्या तपासणीत आणि अंगणवाडीच्या वजनकाट्यावर दिसते.

दुसरा टप्पा: कडब्याची साखळी

ज्वारी कमी झाली की दाणा कमी होतो, हे चटकन कळते. कडबा कमी होतो, याकडे लक्ष उशिरा जाते. रब्बी ज्वारीचा कडबा हा या कोरड्या भागातल्या जनावरांचा वर्षभराचा आधार आहे. सोयाबीनचे भुसकट त्याची जागा घेऊ शकत नाही. दुष्काळी वर्षी कडब्याचे भाव असे चढतात की जनावर सांभाळण्यापेक्षा बाजारात नेणे परवडते.

यापुढची साखळी सरळ आहे. कडबा गेला की दावणीची जनावरे कमी होतात. जनावरे कमी झाली की घरचे दूध-ताक जाते आणि शेणखतही जाते. शेणखत गेले की जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटतो आणि जमिनीची ओल धरण्याची ताकद कमी होते. ती ताकद कमी झाली की पावसाच्या एका खंडातच पीक माना टाकते. जीवनसत्त्व बी-१२ तर दूध, अंडी, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. ज्या घरात मांसाहार क्वचित होतो, तिथे वाटीभर दूध-ताक हा त्याचा मुख्य स्रोत असतो. म्हणजे पिकाची एक निवड बदलली आणि त्याचा परिणाम दावणीतून, उकिरड्यातून फिरून बाळाच्या वाटीपर्यंत पोचला.

ज्यांना जमीन नाही, त्यांच्यासाठी इथे उस्मानाबादी शेळी आहे. काळ्या रंगाची, काटक, बहुधा जुळी करडे देणारी ही जात याच भागाची ओळख आहे. चार शेळ्या आणि परसातल्या दहा कोंबड्या भूमिहीन घराला दूध, अंडी आणि अडीअडचणीला रोकड देतात. पोषणाच्या योजनांत यांना जेवढे महत्त्व मिळायला हवे, तेवढे मिळत नाही.

तिसरा टप्पा: माती आणि फवारणी

पीक तेच असले तरी दाण्याची प्रत मातीवर ठरते. मराठवाड्यातल्या अनेक जमिनी चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहेत. अशा जमिनीत जस्त आणि लोह असले तरी मुळांना ते सहज उचलता येत नाही. सोयाबीनची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती बहुधा याच कारणाने. जस्त कमी असलेल्या जमिनीतला दाणाही जस्ताला गरीब असतो. माणसात जस्ताची कमतरता मुलांची वाढ आणि रोगाशी झुंजण्याची ताकद कमी करते. जुलाब लवकर बरे होत नाहीत. माती परीक्षण करून गरजेपुरते झिंक सल्फेट देणे आणि शेणखत-कंपोस्टने सेंद्रिय कर्ब वाढवणे, ही कामे म्हणूनच आरोग्याचीही आहेत.

फवारणीचा परिणाम दोघांवर होतो. पहिला बळी फवारणाऱ्याचा जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या घटनेने दाखवलेल्या गोष्टी सोयाबीन-तुरीच्या रानातही लागू आहेत: दोन-तीन औषधे मनाने एकत्र करणे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणे, तोंड-हात न झाकणे. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग औषध किती विषारी ते सांगतो. लाल सर्वांत घातक, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य.

दुसरा परिणाम खाणाऱ्यावर होतो. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस सोडायचे याचा नियम असतो. ते दिवस पाळले तर पिकातला औषधाचा अंश बराच कमी होतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग नोंदवलेली असते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अंश मर्यादेत असेल तरच पेटी बोटीवर चढते. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेल्या वांग्या-कोबीला अशी चाळणी नाही. शेतकऱ्याला नियम पाळता येतात, हे द्राक्षांनी सिद्ध केले आहे. आपल्याच लेकरांच्या भाजीला तीच कसोटी लागू व्हायला हवी.

चौथा टप्पा: साठवण आणि दळण

सुगीनंतर धान्य घरात येते, तिथेही बरेच काही गळते. दाण्यात ओल राहिली की बुरशी येते. ज्वारी-गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणि भुईमुगात ८-९ टक्क्यांच्या आत यायला हवा. कडक उन्हात पसरून, दाताखाली दाणा कडक वाजेपर्यंत वाळवणे ही जुनी परीक्षा त्यासाठीच आहे.

भुईमूग आणि मका यांवर वाढणारी एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला इजा करते आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. भाजून, उकडून किंवा तळून ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे चटणीत कुटू नयेत आणि जनावरालाही घालू नयेत. दुभत्या जनावराच्या पोटातून त्याचा अंश दुधात उतरतो.

धान्याला कीड लागू नये म्हणून घरात विषारी गोळ्या ठेवण्याची पद्धत अतिशय धोक्याची आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. तिचा वापर प्रशिक्षित माणसाने, गोदामात, ठरलेल्या पद्धतीनेच करायचा असतो. घरासाठी नीट वाळवण, घट्ट झाकणाची कोठी, कडुनिंबाचा पाला आणि डाळींना एरंडेलाचा हात हे पुरेसे आहे.

दळणाची एक गोष्ट वितरणाशी थेट जोडलेली आहे. ज्वारीच्या दाण्यातला कोंब पिठात येतो, त्यात स्निग्धांश असतो आणि दळल्यावर तो हवेने लवकर खवट होतो. शिवाय जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते. म्हणून ज्वारी आठ-दहा दिवसांपुरतीच दळतात. गव्हाचे पीठ त्या मानाने जास्त टिकते, पिशवीत भरून लांब पाठवता येते आणि शहराच्या दुकानात महिनाभर फळीवर राहते. ज्वारी मागे पडण्यात चवीपेक्षा या टिकाऊपणाचा वाटा मोठा आहे.

पाचवा टप्पा: दूध गावाबाहेर जाताना

भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. त्या परिसरातला खवा प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा उभा राहण्यामागे वितरणाची अडचण होती. दूध तासांच्या हिशेबाने नासते. मोठी बाजारपेठ दूर, शीतकरणाची सोय नाही. चार-पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा होतो, वजन कमी भरते आणि माल एक-दोन दिवस जास्त टिकतो. डोंगराळ, कोरडवाहू भागातल्या घरांना यातून रोजचा पैसा मिळाला.

आरोग्याच्या बाजूने इथे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, खव्यात ओल उरलेली असते. भट्टीवरून उतरल्यावर तो स्वच्छ भांड्यात, लवकर थंड झाला पाहिजे. उघड्यावर आणि उष्ण हवेत ठेवलेल्या खव्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन, सणासुदीला मागणी वाढली की पिठूळ भेसळ होते. ती घरीही ओळखता येते: थोडा खवा पाण्यात उकळून थंड करा आणि त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. रंग निळा झाला तर त्यात स्टार्च आहे. तीन, भट्टीपुढे तासन्‌तास ढवळणाऱ्या माणसाच्या छातीत धूर जातो. धुराडे आणि सुधारित भट्टी हा त्याच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे.

याहून मोठी गोष्ट घरातल्या चरवीची आहे. संकलनावर किंवा भट्टीवर दूध जाण्याआधी लेकरांचे आणि गरोदर बाईचे दूध बाजूला काढले जाते का? पुष्कळ घरांत सगळे दूध विकले जाते आणि चहापुरते उरते. दुधाचा पैसा घरात येतो, पण त्यातले कॅल्शियम आणि बी-१२ घराबाहेर जाते.

सहावा टप्पा: रेशनची वाट

ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यांना अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी आठवते. त्या काळाच्या तुलनेत आजची अन्नवाटप व्यवस्था फार पुढे आली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या गोदामात येते, तिथून रास्त भाव दुकानात, आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटला की घरात. उपासमार रोखण्याचे काम या व्यवस्थेने केले आहे.

पण तिने ताट बदलले. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने ८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅमच्या आत आणि लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. भाकरी खाणाऱ्या घरात भाताचा वाटा वाढला की हा फरक रोज साठत जातो. मूळ कायद्यात भरडधान्याला जागा आहे आणि त्याचा दर तेव्हा किलोला १ रुपया, म्हणजे सर्वांत कमी, ठरवलेला होता. उमरग्याच्या सीमेपलीकडे कर्नाटकाने उत्तरेच्या जिल्ह्यांत ज्वारी आणि दक्षिणेत नाचणी रेशनवर देण्याची वाट धरली आहे. धाराशिवची ज्वारी हमीभावाने घेऊन धाराशिवच्याच दुकानांत नियमित दिली, तर पेरणाऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल आणि खाणाऱ्याला भाकरी.

तांदळातली लोहाची उणीव भरून काढण्यासाठी पोषणयुक्त तांदळाची योजना आली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून पुष्कळ घरांत निवडून फेकले जातात. ते प्लास्टिक नाही. फेकले तर त्यात घातलेले सत्त्वच गेले. मात्र थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून खावे.

वितरणाची आणखी दोन छिद्रे इथे ठळक दिसतात. मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना पूर्वी सवलतीचे धान्य मिळे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर देण्याचा निर्णय झाला आणि पुढे ती रक्कम १७० झाली. धान्याचा भाव वाढला की ही रक्कम आपोआप वाढत नाही, आणि खात्यावरचा पैसा घरातल्या पुरुषाच्या हाती गेला की तो डब्यापर्यंत पोचेलच असे नाही. दुसरे छिद्र ऊसतोडीचे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली हजारो माणसे उचल घेऊन, कोयता बांधून कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात मुलांची गावातली अंगणवाडी सुटते. गरोदर बाईची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोषण आहार मागे राहतो. रेशनकार्ड आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही चालते; पण पहाटे फडात जाणाऱ्या बाईला अनोळखी गावच्या दुकानात जायला वेळ कुठून मिळणार? धान्य फडाजवळच्या कोपीपर्यंत पोचवणे ही कारखाना आणि प्रशासन दोघांची जबाबदारी असायला हवी.

सातवा टप्पा: चुलीपासून घासापर्यंत

ताटात आलेले सगळे अंगी लागत नाही. ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह आतड्यातून कमी शोषले जाते, कारण धान्यातले फायटेट त्याला बांधून ठेवते. यावर स्वयंपाकघरातच उपाय आहेत. लिंबू, आवळा, पेरू, बोरे यांतले क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर लोहाचे शोषण वाढते. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी फायटेट कमी होते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलट करतो. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवणे, हा पैसा न लागणारा इलाज आहे.

प्रथिनांचेही तसेच. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी ते धान्यात मिळते. भाकरीबरोबर वरण, पिठले किंवा हुलग्याचे माडगे घेतले की दोन्हींचे प्रथिन पूर्ण होते. नुसती भाकरी-मिरची खाल्ली की ते अर्धवट राहते.

धाराशिव, लातूर, सोलापूर भागातली येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, हे सगळे एका दिवशी मांडून ठेवते. रानात कोपी करून पूजा होते आणि ताटात काय असते? तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि मेथी-पालकासारख्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेली आंबील. धान्य, डाळ, पालेभाजी, तेलबी, दूध आणि आंबवण, सगळे त्यात आले. वर्षातून एकदा शेतात जेवला जाणारा हा आहार एकेकाळी त्याच शेतात पिकत होता. आज भज्जीचे अर्धे सामान बाजारातून आणावे लागते.

आणि शेवटचे वाटप घरातच होते. सुरुवातीला पाहिलेल्या सर्वेक्षणातच राज्यातल्या पुरुषांत रक्तक्षय साधारण पाचांत एकाला होता आणि स्त्रियांत निम्म्याहून अधिक जणींना. पाळी आणि बाळंतपण यांमुळे बाईची लोहाची गरज जास्त असते, हे खरे. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीला पातळ वरण लावून जेवण्याची रीतही तितकीच खरी आहे. जिची गरज सर्वांत जास्त, तिच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

एका एकराचा हिशेब

मग काय करायचे? या जिल्ह्यातल्या बायकांनी एक उत्तर काढून दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात पुनर्वसनाच्या कामातून स्त्रियांचे गट उभे राहिले. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांना पुढे शेतीशी जोडले. मागणी साधी होती: घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईच्या ताब्यात द्या, त्यात काय पेरायचे ते ती ठरवेल. बायकांनी तिथे धान्य, डाळी, तेलबिया आणि भाज्या मिळून अनेक पिके घेतली, गांडूळखत आणि घरचे बियाणे वापरले, आधी घरचा डबा भरला आणि उरलेले विकले. दुष्काळात नगदी पीक करपले तरी या तुकड्यातून काही ना काही निघत राहिले. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हा एकर किती पुरतो, ते हिशेबाने पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या ताटासाठी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध सुचवले आहे. अंगमेहनत करणाऱ्याला याहून जास्त लागते. पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेचार क्विंटल धान्य आणि दीड क्विंटल डाळी लागतात. रेशनवर अशा घराला वर्षाला तीन क्विंटल धान्य मिळते. म्हणजे धान्यात दीड क्विंटलची तूट आहे; डाळीची तर जवळजवळ सगळीच.

आता चाळीस गुंठ्यांची वाटणी अशी करता येते. २५ गुंठ्यांत खरिपाला मूग-उडीद आणि त्याच जागी रब्बीला ज्वारी, कडेला करडईच्या ओळी. १० गुंठ्यांत तूर, तिच्या ओळींत तीळ किंवा हुलगा. उरलेल्या ५ गुंठ्यांत, पाणी जिथे पोचते तिथे, मेथी, पालक, चुका, शेपू, गवार, भेंडी, टोमॅटो. बांधावर शेवगा, लिंबू आणि पेरू. पाऊस बरा झाला तर कोरडवाहू ज्वारी दोन क्विंटलच्या आसपास निघते, मूग-उडीद-तूर मिळून दोन क्विंटल कडधान्य येते आणि त्याची दीड क्विंटलच्या घरात डाळ होते. कडबा दावणीला जातो, शेण रानात परत येते. करडईचा कोवळा पाला भाजीला आणि बी घाण्यावर. बाकीच्या शेतात सोयाबीन किंवा ऊस ठेवायला कुणाची हरकत नाही. घर चालवायला पैसाही लागतोच.

या वाटेत अडचणी आहेत. खुरपणी-काढणीचा भार बाईवरच वाढू शकतो, तेव्हा घरच्यांनी हात लावला पाहिजे. सातबारावर तिचे नाव नसेल तर तिला कर्ज, विमा आणि अनुदान मिळत नाही. भूमिहीन घराला एकर कुठून आणणार? त्यांच्यासाठी रेशनवरची ज्वारी आणि डाळ, परसबाग, शेळ्या-कोंबड्या आणि अंगणवाडीतला चांगला आहार हीच वाट आहे, आणि ती शासनाने रुंद करायची आहे.

सगळे टप्पे पाहिल्यावर एक निष्कर्ष पक्का होतो: घराचे आरोग्य सर्वांत आधी पेरणीच्या वेळी ठरते, आणि तो निर्णय ज्या घरात बाईला विचारून होतो, तिथे ताट भरलेले राहण्याची शक्यता जास्त असते. गोळ्या, पोषणयुक्त तांदूळ आणि तपासणी शिबिरे हवीतच. पण ती गळती लागल्यावरची ठिगळे आहेत.

म्हणून तीन गोष्टींची विनंती. येत्या मृगाआधी सगळ्यांनी घरात एकत्र बसा आणि घरच्या खाण्यासाठी एक तुकडा राखून तो बाईच्या नावे करा. ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या रास्त भाव दुकानात ज्वारी आणि तूरडाळ नियमित मिळाली पाहिजे. आणि आज संध्याकाळी घरात सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पंगतीला जेवा. पहिल्या वाढपात बाईच्या ताटातही तेवढीच डाळ पडू द्या.